आधी ब्रेक, मग पिकअप

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत कोणाच्या दारापुढे चारचाकी उभी असली की ती कशासाठी घेतली हे विचारावे लागत नाही. धानाची पोती न्यायची म्हणून पिकअप, घरची-दारची दहा माणसे लग्नाला न्यायची म्हणून बोलेरो, नोकरदाराच्या घरी अल्टो नाहीतर वॅगनआर. अशा गावात शंभराहून जास्त अश्वशक्तीची, जमिनीलगत धावणारी, दोन-तीन हात फिरून आलेली छोटी गाडी कोणी आणली, तर लोक तिला हौस म्हणतात, आणि हौस म्हटले की हिशेब विचारायचा नाही अशी आपली रीत आहे. खरे तर या हौसेलाच हिशेब सर्वांत जास्त लागतो. स्वस्तात मिळालेली वेगवान जुनी गाडी केशोरीतही परवडू शकते. पण तिची किंमत दोन भागांत द्यायची असते. एक भाग विकणाऱ्याला, तोही घासाघीस करून. दुसरा भाग पुढची दोन-तीन वर्षे थोडा थोडा गाडीलाच. आणि हा दुसरा भाग कोणत्या क्रमाने खर्च होतो, यावर ती गाडी दारात चालती राहते की ताडपत्रीखाली जाते हे ठरते. बहुतेक घेणारे पैशात फारसे चुकत नाहीत, ते क्रमात चुकतात.

या गाड्यांची जात आधी ओळखून घ्यावी. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय विकायला काढली: घरगुती वापराची साधी हॅचबॅक, तिच्यात ११० अश्वशक्तीचे १.६ लिटरचे इंजिन, कडक सस्पेन्शन, आणि बाकी सोय तीच, म्हणजे मागची सीट पाडली की सामान भरता येते. युरोपात यालाच पुढे हॉट हॅच म्हणू लागले. आपल्याकडे हा प्रकार २००१च्या फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्सने लोकांच्या नजरेत आणला. शंभर अश्वशक्तीची ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघे आणि तिच्या एका खास आवृत्तीला सचिन तेंडुलकरचे नाव होते. पुढचा इतिहास तर जवळजवळ पुणे जिल्ह्यातच घडला. रांजणगावला २००९पासून फियाट पुंटो, नंतर तिची ९० एचपी डिझेल आवृत्ती, आणि २०१५मध्ये १.४ टी-जेट इंजिनाची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो. चाकणला २०१० ते २०२२ फोक्सवॅगन पोलो, आणि तिची २०१३ची जीटी टीएसआय, १०५ अश्वशक्तीची. मारुतीची बलेनो आरएस २०१७ची, टाटाची टियागो जेटीपी २०१८ची. दोन्ही थोडी वर्षे टिकल्या. म्हणजे आज जुन्या बाजारात ज्या गाड्यांवर पोरांचा जीव जडतो, त्यातल्या बऱ्याच महाराष्ट्रातच तयार झालेल्या आहेत, आणि त्यांतली एकही आता नवी मिळत नाही.

नवी मिळत नाही, याच कारणाने ती स्वस्त आहे. कंपनी गेली किंवा मॉडेल बंद झाले की सामान्य ग्राहक घाबरतो, फायनान्सवाला हात आखडता घेतो आणि भाव पडतो. पण भाव पडण्याचे कारण सगळ्या गाड्यांत सारखे नसते, आणि लांबच्या गावातल्या माणसाने नेमके हेच तपासायला हवे. पुंटो ९० एचपीचे १.३ मल्टिजेट डिझेल घ्या. याच कुळातले इंजिन मारुतीने परवाना घेऊन स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये लाखोंनी बसवले, टाटाने व्हिस्टा-मांझात बसवले. फियाटने भारतात गाड्या विकणे थांबवले तरी या इंजिनाचे फिल्टर, इंजेक्टर, गॅस्केट आणि मुख्य म्हणजे ते खोलून बांधलेला मेकॅनिक वडसा-अर्जुनी मोरगावच्या पट्ट्यातही सापडतो. त्याच पुंटोचा पुढचा बंपर, हेडलाइट किंवा दाराची काच मात्र शोधायची तर भंगारबाजार आणि ओळखीपाळखी, एवढाच मार्ग. बलेनो आरएसचे उलटे आहे: पत्रा, काचा, सीट, दारे साध्या बलेनोशी जुळतात, पण ९९८ सीसीचे बूस्टरजेट इंजिन जपानहून आलेले होते, त्याचा एखादा भाग गेला की वाट पाहावी लागते. पोलो या दोन्हींच्या मध्ये बसते. व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडशी तिचे बरेच भाग सामाईक आहेत, नागपुरात कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे, पण भाव मारुतीचे नाहीत. जीटी टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स हे या जातीचे सर्वांत प्रसिद्ध दुखणे. त्याचे मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक मेंदू बिघडला, की तो वडशाच्या गॅरेजात खोलण्याची वस्तू राहत नाही. म्हणून पिकअपचे आकडे जुळवत बसण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही गाडी बंद पडली, तर ती कुठपर्यंत टोचन करून न्यावी लागेल? केशोरीपुरते उत्तर ‘वडसा’ असेल तर गाडी स्वस्त आहे. ‘पुणे’ असेल, तर ती विकत घेताना जितकी स्वस्त वाटली तितकीच पुढे महाग पडेल. याच कसोटीवर साधी, टर्बो नसलेली जुनी स्विफ्टही या यादीत येऊन बसते. २००५च्या पहिल्या स्विफ्टचे १.३ पेट्रोल इंजिन ८७ अश्वशक्तीचे, गाडी हलकी. जाणकार तिला खरी हॉट हॅच म्हणणार नाहीत, पण धानोरीच्या वळणावर असो की नागपूरच्या बाह्यवळणावर, चालवणाऱ्याला ती कंटाळा येऊ देत नाही.

आता पाकिटाकडे. समजा, हाती साडेतीन लाख आहेत. तर सव्वादोन-अडीचच्या वरची गाडी बघूच नये. उरलेले लाखभर हे दुरुस्तीचे पैसे आहेत, वरखर्चाचे नव्हेत, आणि ते गाडी घेताना हातात असायला हवेत. यावर नेहमीचा आक्षेप असा की साडेतीन लाखांची चांगली राखलेली गाडीच का घेऊ नये, म्हणजे दुरुस्ती लागणारच नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. पहिल्या मालकाने वेळच्या वेळी बिलासकट सर्व्हिस केलेली गाडी मिळाली तर जास्त पैसे देण्यात शहाणपणच आहे. पण दहा-बारा वर्षांच्या गाडीत रबर म्हातारे झालेलेच असते, मग मालक कितीही काळजीचा असो. बुश, होस, इंजिनाचे माउंट, टायर हे किलोमीटरवर झिजतात तसे नुसत्या वर्षांनीही झिजतात. चकचकीत पॉलिश केलेल्या गाडीत हा खर्च टळत नाही, फक्त दिसत नाही. आणि सगळे पैसे आधीच देऊन बसलेल्या माणसाकडे तो उद्भवतो तेव्हा पैसे नसतात.

कागदपत्रांचा खर्च आणि खबरदारी या हिशेबात पहिली येते, कारण बाकी सगळे नंतर दुरुस्त होते, हे होत नाही. गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून आहे, त्यामुळे एमएच-३५ बरोबर एमपी-५० बालाघाटच्या आणि सीजी-०८ राजनांदगावच्या पासिंगच्या गाड्याही इकडे सहज दाखवल्या जातात, आणि भाव कमी असतो. त्याहून लांबून दिल्लीच्या गाड्या येतात. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये उचलून धरली, तेव्हापासून हा ओघ वाढला. परराज्यातली गाडी इथे कायम ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी, बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे सगळे आलेच. ‘एवढ्या स्वस्तात’ या शब्दांत टॅक्स धरलेला नसतो. आपल्याच राज्यातली गाडी असली तरी विकणाऱ्याचे नाव आरसीवर आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का, विमा चालू आहे का, चलने थकली आहेत का, हे एम-परिवहन अ‍ॅपवर दहा मिनिटांत बघता येते. मधल्या दलालाकडे मूळ मालकाच्या सहीचे कोरे फॉर्म २९ आणि ३० असतात आणि तो ‘नावावर सावकाश करा’ म्हणतो. सावकाश मुळीच करू नये. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. विमा आणि आरसी दोन्ही आपल्या नावावर नसतील, तर गाडी ठोकली गेल्यावर भरपाई मागताना आपण परके ठरतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २०१२ची गाडी २०२७मध्ये पुन्हा गोंदियाच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयापुढे उभी राहणार. पॅलिओवर मन असलेल्याने तर हा खर्च पहिल्या दिवशीच धरावा.

गाडी बघायला सकाळी जावे, आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावावा. गरम असेल तर मालकाने इंजिन आधीच चालवून ठेवले आहे, आणि त्याला कारण असते. थंड इंजिन चालू होताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असण्याची शक्यता. साधा ओबीडी स्कॅनर लावला तर दबलेले फॉल्ट कोड दिसतात. तसेच सगळे कोड कालच पुसलेले असतील तर तेही दिसते, आणि ते जास्त बोलके असते. २३ सप्टेंबर २०२३ला नागपुरात पहाटेच्या पावसाने नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या, त्याआधी २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट बेल्ट टोकापर्यंत ओढून पाहावा. वरचा भाग स्वच्छ आणि शेवटचा वीतभर मळकट असेल, तर नमस्कार करून परत यावे. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्टिअरिंगचे घासलेले चामडे आणि क्लच-ब्रेकच्या पॅडलचे झिजलेले रबर पाहावे. चाळीस हजार किलोमीटरमध्ये ते असे गुळगुळीत होत नाहीत.

गाडी दारात आली की पहिली इच्छा असते आवाजाची आणि दिसण्याची: सायलेन्सर, मोठी अलॉय चाके, काळ्या काचा. इथेच क्रम मोडतो. माझ्या मते पहिला खर्च ब्रेकचा, आणि त्यामागे साधे गणित आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६०ऐवजी ८०ने चालणाऱ्या गाडीला थांबवताना ब्रेकना पावणेदोन पटींहून जास्त ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ती उष्णता पॅड, डिस्क आणि शेवटी ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहते. नव्या डॉट-४ ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल शोषलेल्याचा १५५पर्यंत उतरू शकतो. ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पाय पॅडलसकट खाली जातो. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचे असते, पण ते दिसत नाही म्हणून कोणी बदलत नाही. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा खर्च. ब्रेकनंतर लगेच टायर. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी कायद्याच्या १.६ मिलिमीटरहून खोल असली तरी सात-आठ वर्षांचे रबर कडक झालेले असते, आणि इटियाडोह धरणाकडे जाणाऱ्या ओल्या रस्त्यावर ते काचेसारखे सरकते. मग सस्पेन्शन: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअप. वेगवान गाडीचे सस्पेन्शन आधीच कडक आणि इकडच्या रस्त्यांवर खड्ड्यांना तोटा नाही. बुश गेले की गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते, आणि लोक दोष टायरला देतात.

त्यानंतर थंडावा. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि टर्बो इंजिन आधीच तापट. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. ऑइल जुने झाले की तो थर तुटतो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरण्याची आपली सवय या गाड्यांना मारते, कारण त्या पाण्यातला क्षार अरुंद नळ्यांत बसतो. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, होस, आणि पेट्रोल टी-जेटसारख्या इंजिनात टायमिंग बेल्ट हे एकदा बिलासकट बदलून घ्यावे. आधीच्या मालकाकडे बेल्टचे बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरावे. १.३ मल्टिजेटला बेल्टऐवजी चेन असते, पण ९० एचपीच्या टर्बोची पाती गावातल्या गावात फिरवलेल्या गाडीत काजळीने अडकतात. तिला महिन्यातून एकदा साकोलीपर्यंत मोकळी पळवणे हाच औषधोपचार.

एवढे सगळे एकदम करायला पैसा लागतो, आणि शेतकऱ्याकडे पैसा एकदम येतो पण वर्षातून एक-दोनदाच. गंमत अशी की या गाड्यांच्या दुरुस्तीचे वेळापत्रक केशोरीच्या पैशाच्या वेळापत्रकाशी चांगले जुळते. दिवाळीनंतर खरिपाचे धान विकले जाते: तेव्हा सस्पेन्शन आणि गाडीच्या पोटाखालचा गंज, कारण पावसाळ्याने जे केले ते तेव्हाच दिसते. मिरचीचे पैसे येतात तो उन्हाळ्याच्या तोंडावरचा काळ: कूलिंग, बेल्ट, एसी. उन्हाळी धान निघाले की पावसाआधी टायर, वायपर, ब्रेक. पहिल्याच वर्षी मात्र ब्रेक आणि टायर कोणत्याही हंगामाची वाट पाहत नाहीत. जिथे नोकरदार दरमहा हप्ता भरतो, तिथे शेतकरी हंगामी हप्त्याने स्वतःच्याच गाडीत भांडवल घालतो, आणि त्यावर व्याज नसते. नव्या गाडीच्या कर्जाचा हप्ता पाऊस पडला नाही तरी भरावा लागतो. बुश बदलणे एक हंगाम पुढे ढकलता येते. ‘एवढ्यात नवी गाडी आली असती’ या टोमण्याला माझे उत्तर हेच.

गावात राहणाऱ्या गाडीचे काही शत्रू शहरात नसतात. धानाच्या कोठाराशेजारी उभी गाडी म्हणजे उंदरांचे घर. वायरिंगचा एक गठ्ठा कुरतडला की आधुनिक गाडी चालूच होत नाही. दुसरा शत्रू नवा आहे: पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे उतरते. त्याचा ऑक्टेन मात्र चांगला, तो टर्बोला मानवतो. खरा त्रास जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि सीलना, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीला, कारण इथेनॉल ओल धरते. म्हणून पेट्रोल गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवावी, आणि पेट्रोलचा वास आला तर ‘जुनी आहे, येतोच’ म्हणून सोडू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगाचा. नवेगाव-नागझिरा २०१३मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या अवतीभवतीच्या रस्त्यांवर रात्री चितळ आणि रानडुकरे आडवी येतात, धान सुकवायला लोक डांबरी रस्ताच वापरतात. इथे १४५ अश्वशक्तीचे काय काम? हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो गाडीविरुद्ध नाही, चालवणाऱ्याविरुद्ध आहे. पिकअपमध्ये भरधाव मरणारे कमी नाहीत. उलट चारही चाकांना डिस्क, एबीएस आणि दोन एअरबॅग असलेली अबार्थ ही त्याच वर्षीच्या बिनएअरबॅगच्या छोट्या गाडीपेक्षा थांबायला आणि ठोकर सोसायला बरी. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपने बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य तारे दिले. फोक्सवॅगनने दोन एअरबॅग सगळ्या पोलोंत आणल्या आणि तीच गाडी चार ताऱ्यांवर गेली. म्हणून जुनी पोलो घेताना २०१४ नंतरचीच शोधावी.

राहिला पिकअप वाढवण्याचा, म्हणजे रिमॅपचा मोह. ईसीयूतले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले आकडे बदलून वीस-तीस अश्वशक्ती सहज वाढते, हे खरे. पण ती ताकद जाते जुन्याच क्लचमधून, जुन्याच टर्बोतून. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ नोंदीहून वेगळा बदल करायला मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ती कडकपणे वाचली, आणि न सांगितलेला बदल विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण देतो. इतके करून हाती लागते ते काय, तर अर्धा सेकंद.

मूळ ताकदीची, चांगले ब्रेक आणि ताजे टायर असलेली पुंटो ९० एचपी किंवा मॅन्युअल गिअरची पोलो ही केशोरीतल्या माणसाला झेपणारी निवड आहे. डीएसजीची जीटी टीएसआय नागपुरात राहणाऱ्याने घ्यावी. अबार्थ घ्यायचीच असेल, तर तिच्याबरोबर एक जादा हेडलाइट आणि एक बंपर आधीच मिळवून घरात ठेवावा. धानाच्या कोठारात नको, उंदीर आहेत.